पात्याची पाठ

वनरक्षक म्हणून ऑर्डर आली, किनवट.
यादीत बूट, शिट्टी, टॉर्च, काठी.
सुरा यादीत नव्हता.
तो तुझा तू घे, म्हणाले गेडामदादा,
बावीस वर्षं सागात हिंडलेले,
पण घेताना धार बघत बसू नको पोरी,
धार काय, कुणीही लावतं.
पाठ बघ.

मी न्हाव्याची लेक.
देगलूरच्या बसस्टँडमागं बापाचं दुकान,
तिथं धार कानानं ओळखायला शिकले.
चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा
गेला-आला, गेला-आला,
आवाज जाड असेल तर अजून नाही,
आवाज विरला की झालं.
आमच्या घरात वजन म्हणजे दोष.
पात्याचा काठ दिसायचाच नाही,
फक्त लागायचा.

नांदेडला काचेच्या कपाटात तो काळा सुरा.
पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र,
ते फिरवलं की आत पोकळी,
पोकळीत काड्या, गळ, सुईदोरा.
कमांडो वापरतात ताई, म्हणाला पोरगा. चोवीसशे.
हातात घेतला. हात छान दिसत होता.
आरशात बघावं वाटलं, खरं सांगते.
मग नखानं मूठ वाजवली
तर खडीसाखरेच्या रिकाम्या डब्यासारखी वाजली.
पातं मुठीत किती आत जातं? विचारलं.
तो म्हणाला, त्याची वॉरंटी आहे.

मांडवीच्या बाजारात रस्त्याकडेला
कस्तुराबाई घिसाडीण.
सून घण मारायची,
ती सांडशीनं लाल तुकडा फिरवायची
आणि बोलायची दोन घावांच्या मधल्या जागेत.
ट्रकचा कमानपाटा दाखवला तिनं:
पंधरा टन व्हायलंय यानं, माय,
तुझी मूठ काय जड व्हायची याला.
तयार एकही देईना.
माझा पंजा ओढून घेतला,
चार बोटांची रुंदी कोळशानं फरशीवर मारली.
काय तोडणार?
घाणेरी, म्हटलं. वाळका बांबू.
डुकरांसाठी लावतात ती नायलॉनची वाघर.
कधीमधी कांदा.

आन् माणूस?

घण थांबला.
नाही, म्हटलं मी,
पण त्या नाहीला निघायला
एक घाव उशीर झाला.
ऐकलं तिनं ते. बोलली काही नाही.
टोक तेवढं जरा गोल ठेवलं.

पाणी पाजते, म्हणाली, आणि पाजलं जळकं तेल.
धूर उठला, सुनेनं पदर नाकाला लावला.
मूठ धावड्याची, दोन फाका,
आणि मधून पोलादाची रेघ
थेट बुडापर्यंत, बोट फिरवून बघता येईल अशी.
तांब्याचे तीन रिवेट, एक तिरका.
साडेसातशे. मी घासाघीस केली नाही.
ते मात्र सुनेला खटकलं असावं.

सुट्टीत घरी नेला.
बापानं तळव्यावर तोलला, खाली ठेवला.
फावडं आणलीस की काय?
मग दुपारचं दुकान बंद करून
दगड काढला, वस्तऱ्याचा नव्हे,
आजोबांचा, मधे खड्डा पडलेला,
आणि घासत राहिला. मी ऐकत राहिले.
आवाज अजून जाड होता
तेव्हाच हात थांबवला त्यानं.
पुरे. याहून बारीक केली तर मोडतंय.
तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गालापाशी
हा माणूस कधी पुरे म्हणाला नव्हता.

माझा अंगठा धरून त्यानं पात्याच्या पाठीवर ठेवला,
जाड, सपाट, अजून थोडी काळी.
भ्या वाटलं की इथं ठेव, म्हणाला,
तिकडं नको.

अजून वाघर सापडलेली नाही.
बीटावर रात्री कंदिलाशी बसून
सध्या कांदाच कापते.
जाड पडतो.
गेडामदादा काही न बोलता खातात.